गेणबातात्यांची बसायची घोंगडी

जळोचीत आमच्या भिंतीला भिंत लावून गेणबातात्या राहतात. मधली भिंत साडेचार इंची आहे. त्यामुळे त्यांच्या घरात काय शिजतंय ते मला वासावरून कळतं आणि काय बिनसलंय ते आवाजावरून. गल्लीत मला चोंबडा म्हणतात. म्हणोत बापडे. भिंत मी बांधलेली नाही, कंत्राटदारानं बांधली आहे. माझे फक्त कान शाबूत आहेत.

तात्या अडुसष्ट वर्षांचे. सहा फूट उंच, पिळाच्या मिशा, आणि पायात अजून वॉचमनच्या नोकरीतले तपकिरी बूट. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर त्यांनी सव्वीस वर्षं काढली, पण माणूस मुळात मेंढरांचा. जन्म निरवांगीकडचा. बापाची शंभर-सव्वाशे मेंढरं. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. शाळा चौथीपर्यंत, तीही वाटेत लागेल तशी. पुढं कालव्याचं पाणी फिरलं, माळावर ऊस उभा राहिला आणि मेंढरांना तोंड घालायला जागा उरली नाही. कळप गेला, तात्या गेटवर आले. तरी सवयी काही गेल्या नाहीत. अजून ते माणसाला आधी दात बघून ओळखतात. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा तात्यांनी नवऱ्या मुलाला हसवलं, नीट निरखून पाहिलं आणि मला आत बोलावून सांगितलं, "मानसिंगराव, दात मजबूत हायेत. टिकंल." जावई टिकला आहे, हे मला कबूल केलं पाहिजे.

निवृत्त झाल्यावर तात्यांनी घरापुढं पत्र्याचं शेड टाकून घोंगड्या विकायला घेतल्या. माझं गावात फ्लेक्स छपाईचं दुकान आहे, म्हणून बोर्ड अर्थातच मी केला. 'अस्सल १०० टक्के शुद्ध लोकर', खाली तात्यांचा मिशांवर ताव देतानाचा फोटो आणि कोपऱ्यात एक मेंढी. ती मेंढी मी इंटरनेटवरून उतरवली होती. तात्यांनी बोर्ड बघितला आणि म्हणाले, "ही आपली न्हाय."

"तात्या, मेंढी ती मेंढी."

"आरं, हिच्या अंगावर किती लोकर हाय बघ! डोळं तरी दिसत्यात का? ही आपल्या माळावर आली तर पयल्याच बोराटीत अडकून बसंल. ही परदेशातली हाय. आपली मेंढी काळी, आखूड आन् राठ लोकरीची."

मी म्हटलं, जाहिरातीत सगळे जण गोरेच दाखवतात. तात्या हसले आणि ती परदेशी पाहुणी बोर्डावर राहिली.

पहिली काही वर्षं बोर्डावरचं शंभर टक्के हे खरंच शंभर टक्के होतं. सूत प्रयागकाकी कातायच्या. प्रयागकाकी म्हणजे तात्यांच्या बायको. चार फूट दहा इंच, आणि घरातली सगळी उंची त्यांच्याच आवाजात. टकळी फिरवत त्या पन्नास वर्षं चालल्या, बोलल्या, भांडल्या. मग अंगठ्याचा सांधा धरला आणि टकळी खुंटीवर गेली. तेव्हापासून तात्या एका व्यापाऱ्याकडून तयार सूत आणायला लागले आणि विणकराकडून विणून घ्यायला लागले.

त्या सुताची पहिली घोंगडी घरी आली, त्या दिवशी भिंतीपलीकडून मी काकींचा आवाज ऐकला.

"ह्याला घोंगडी म्हणू नगा. ह्यात दुसरं कायतरी हाय."

"थोडं आसंल. नावाला."

"मला नगा सांगू. व्हटाला लावून बघा. लोकर टोचती. हे गुळगुळीत लागतंय."

"समदेच इकत्यात आसली. आता निव्वळ सूत आणू कुठनं? मेंढरं मटणासाठी पाळत्यात, लोकर कातरून बांधावर टाकत्यात. काताय कोण बसलंय?"

"मंग बोर्ड उतरवा."

बोर्ड काही उतरला नाही. आणि मी, ज्याच्या पोटात शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा टिकत नाही, ती गोष्ट दोन वर्षं पोटात ठेवली. कारण सरळ आहे. बोर्ड माझा होता.

तर असं सगळं गुण्यागोविंदानं चाललेलं असताना गल्लीतल्या चौथ्या घरातल्या राजनंदिनी मॅडम एका संध्याकाळी तात्यांच्या शेडात आल्या. मॅडम हायस्कुलात विज्ञान शिकवतात. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांतल्या बेचाळीस विज्ञान शिक्षकांचं प्रशिक्षण होतं आणि लोकरीचा दिवस मॅडमकडं आला होता. मी सहज तिथंच होतो. म्हणजे त्या आल्याचं बघून गेलो होतो.

"तात्या, तुम्ही यायचं आणि शिकवायचं," मॅडम म्हणाल्या.

"कुणाला? पोरांना?"

"नाही, शिक्षकांना. आम्ही काय करतो, लोकर हे प्रथिन आहे असं फळ्यावर लिहितो आणि पान उलटतो. आमच्यातल्या निम्म्या जणांनी मेंढी कातरताना बघितलेली नाही. तुम्ही हातातलं दाखवा, पुस्तकातलं मी सांगते."

तात्यांची छाती शर्टाच्या गुंड्या ताणायला लागली. चौथी पास माणूस, बेचाळीस मास्तरांचा मास्तर! मी लगेच म्हटलं, "तात्या, छडी मी देतो."

"आणि शेवटी," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या विक्रीच्या घोंगडीतला धागा जाळून दाखवायचा. अस्सल लोकर कशी ओळखायची ते. शिक्षक तेच पुढं शाळेत करून दाखवतील."

तात्यांच्या गुंड्या सैल झाल्या. "मला बारामतीला काम हाय त्या दिवशी," ते म्हणाले.

आतून आवाज आला, "कसलं बी काम न्हाय. येत्याल ते."

त्या रात्री मी टीव्हीचा आवाज बंद केला. ऐकण्यासारखं पलीकडंच होतं.

"बेचाळीस मास्तर हायेत," काकी म्हणत होत्या. "एकेकाच्या हाताखाली शे-दीडशे पोरं. एवढ्या समद्यांना तुमी शिकवणार की ही लोकर म्हून?"

"मंग काय करू? उभं ऱ्हाऊन सांगू, की मी दोन वर्सं लोकांना फशिवलं म्हून? आगं, आर्धी जळोची माझ्या घोंगडीवर झोपती. कुणाला तोंड दावू?"

यावर काकींनी भांडी घासायला घेतली. काकी गप्प बसल्या की मला भीती वाटते.

ठरल्या दिवशी सकाळी मी तात्यांना स्कूटरवरून घेऊन निघालो. माझं तिथं काम काय, असं विचारू नका. प्रशिक्षणाचा फ्लेक्स मीच छापला होता, तो सरळ लागलाय का ते बघायला नको? काकींनी गाठोडं बांधून तात्यांच्या मांडीवर दिलं. "दोन्ही घोंगड्या घातल्यात," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

प्रशिक्षण एका शाळेच्या प्रयोगशाळेत होतं. बेचाळीस खुर्च्या, पुढं एक टेबल आणि टेबलामागं तात्यांसाठी फिरती खुर्ची. तात्या तिच्यात बसले, ती गर्रकन फिरली आणि प्रशिक्षणाची सुरुवात शिक्षकांकडं पाठ करून झाली. हसू उसळलं. तात्या उठले.

"खुर्चीवर बसून लोकर सांगता येत न्हाय," ते म्हणाले. "खाली बसतो. तुमी बी या."

त्यांनी गाठोडं सोडलं. वर विक्रीची घोंगडी होती. खाली दुसरी निघाली आणि तात्यांचा हात तिथंच थांबला.

ती त्यांची बसायची घोंगडी होती. ही काय चीज आहे ते सांगितलं पाहिजे. ती काकींच्या सासूबाईंनी कातलेल्या सुताची. वाटण्यांचा वाद असो, सोयरिकीची बोलणी असोत की कुणाचं कोकरू कुणाच्या कळपात गेल्याची तक्रार असो, त्यांच्या भावकीत ती घोंगडी अंथरायची आणि ज्याला बोलायचं त्यानं तिच्यावर बसून बोलायचं. तिच्यावर बसून खोटं बोलायचं नाही, एवढाच कायदा. शपथ नाही, भंडारा उचलणं नाही, काही नाही. फक्त बसायचं. तात्यांचा एक चुलतभाऊ तिच्यावर बसायचं टाळण्यासाठी तीन वर्षं गुडघेदुखीचं सोंग करत होता. मी स्वतः तात्यांच्या घरी गेलो की ती घोंगडी आधी बघतो आणि मग उंबऱ्यावर टेकतो.

ही घोंगडी विकायची नव्हती, दाखवायची नव्हती, घराबाहेर काढायची नव्हती. काकींनी ती मुद्दाम घातली होती.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी फ्लेक्सकडं बघितलं. तो सरळ लागला होता.

"अंथरा ना तात्या," राजनंदिनी मॅडम म्हणाल्या. तात्यांनी ती अंथरली आणि हळूच, जणू खाली निखारे आहेत अशा बेतानं, तिच्यावर बसले.

पण मग लोकर निघाली आणि माणूस सगळं विसरला. पिशवीतून त्यांनी न धुतलेल्या काळ्या लोकरीचे पुंजके काढून वाटले. शिक्षकांनी नाकं मुरडली.

"हात पुसू नगा," तात्या ओरडले. "हाताला काय लागलं?"

"तेलकट लागतंय."

"मेंढीच्या अंगचं तेल हाय ते. कातरणीच्या दिवसांत आमच्या हातावर भेगा पडत न्हायत. आता पाणी टाका त्याच्यावर."

पाण्याचे थेंब लोकरीवर मोत्यांसारखे बसून राहिले. मॅडमनी सांगितलं की हेच मेणचट द्रव्य शुद्ध करून थंडीच्या क्रीममध्ये घालतात. पुढच्या रांगेतल्या दोन मॅडम तो पुंजका गुपचूप कोपराला चोळायला लागल्या.

मग तात्या म्हणाले, "आता आपापल्या डोक्यातला एकेक केस काढा." बेचाळीस विज्ञान शिक्षक केस उपटताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले. इंदापूरच्या शंभूराज सरांना पूर्ण टक्कल, त्यांना शेजारच्या मॅडमनी एक केस उसना दिला. "आंगठ्यात आन् बोटात उभा धरा आन् चोळा. मागंपुढं, मागंपुढं."

सगळे चोळायला लागले आणि एकेक जण ओरडायला लागला. केस एकाच बाजूला सरकत होता! कितीही उलटं चोळा, तो मुळाच्याच दिशेनं चालत होता.

"लोकर बी आशीच चालती," तात्या म्हणाले. "एकीकडंच. चालता चालता दुसरीत घुसती. माघारी येत न्हाय. म्हून ओली लोकर तुडिवली की आळती, घट बसती. सून गरम पाण्यात सासऱ्याचं घोंगडं बडवून धुती, मंग नातवाला पुरतंय तेवढंच ऱ्हातंय."

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली लोकर लावली. तिच्यावर माशासारखे खवले होते, सगळे टोकाकडं झुकलेले. तात्यांनीही एक डोळा मिटून बघितलं आणि बराच वेळ उठलेच नाहीत. साठ वर्षं हातात खेळवलेली वस्तू माणूस पहिल्यांदा बघत होता. "आरं तिच्या!" एवढंच म्हणाले.

सगळ्यात मोठी मौज डब्याची झाली. सकाळी गच्चीवर कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेली लोकर मॅडमनी उघडली, आत तापमापी खोचला आणि डब्याच्या तोंडावर ओलं फडकं ताणून बांधलं, लोकरीला न टेकवता. "पारा कुठं जाईल?" त्यांनी विचारलं.

"खाली," शंभूराज सर म्हणाले. "ओल आली की गारवा येणार. बाष्पीभवन."

"चढंल," तात्या म्हणाले.

पारा एकतीसवर होता. थोड्या वेळानं बत्तीस, चौतीस, मग छत्तीसला गेला. शंभूराज सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

"पावसात घोंगडी डोक्यावर घेतली, की पयली घटकाभर ती ऊब देती," तात्या म्हणाले. "मंग गार पडाय लागती. त्या घटकाभरात आडोसा गाठायचा. माझा बा मला आसंच शिकवायचा, की घोंगडी तुला येळ देती, घर देत न्हाय."

मॅडमनी समजावलं की हवेतली वाफ लोकरीच्या आत शिरून प्रथिनाला चिकटते आणि चिकटताना उष्णता सोडते. लोकर पूर्ण भिजली की हे थांबतं. शिक्षक धडाधड लिहून घेत होते. एक जण तात्यांचं वाक्यच्या वाक्य लिहीत होता. तात्यांच्या गुंड्या पुन्हा ताणल्या. मला वाटलं, आता इथंच चहा सांगावा आणि माणसाला घरी न्यावं.

पण मॅडमनी स्पिरिटचा दिवा पेटवला.

विक्रीच्या घोंगडीतला एक धागा त्यांनी चिमट्यात धरून ज्योतीत नेला. धागा तडतडला, आक्रसला, बाहेर काढल्यावर थोड्या वेळानं विझला. वास सुटला, केस जळल्याचा.

"वास घ्या," मॅडम धागा फिरवत म्हणाल्या. "केसासारखा. म्हणजे प्रथिन. ही झाली अस्सल शुद्ध लोकर!"

टाळ्या पडल्या. बेचाळीस जणांच्या. शंभूराज सर उठून म्हणाले, "मी साक्ष देतो. मागच्या थंडीत माझ्या वडिलांसाठी तात्यांकडूनच घोंगडी नेली. वडील दुसरं पांघरूण घेत नाहीत."

तात्या सुटले होते. कुणी काही विचारलं नव्हतं. धागा पास झाला होता, मॅडमनी शिक्का मारला होता. फक्त गप्प बसायचं होतं. मी टाळ्या वाजवत दाराकडं सरकलोसुद्धा.

तात्या खाली बघत होते. अंथरलेल्या घोंगडीवर बोट फिरवत होते. टाळ्या थांबल्या, तरी बोट थांबलं नाही.

"म्याडम," ते म्हणाले, "त्यो धागा परत जाळा. आन् वास घेऊ नगा. राख चुरगाळा."

"का हो?"

"चुरगाळा तर."

मॅडमनी दुसरा धागा जाळला आणि टोकाचा काळा गोळा गार झाल्यावर बोटांत धरला. थोडा चुरला. मग बोटं थांबली. आत खड्यासारखं काहीतरी कडक राहिलं होतं.

"लोकरीची राख भुकटी व्हती," तात्या म्हणाले. "ह्यो खडा लोकरीचा न्हाय. ह्यात दुसऱ्या सुताची भेसळ हाय. वास फशिवतो, कारण थोडी बी लोकर आसली तरी केसाचाच वास मारती. बोटं फसत न्हायत." मग एक श्वास घेऊन म्हणाले, "मला ठाव व्हतं. दोन वर्सं ठाव व्हतं. बोर्डावर शंभर टक्के लिवलंय ते खोटं हाय."

मला वाटलं, आता कुणीतरी विचारणार, बोर्ड कुणी छापला?

शंभूराज सर अजून उभेच होते. "म्हणजे माझ्या वडिलांची?"

"तीच. ह्याच सुताची." तात्यांनी त्यांच्याकडं बघून सांगितलं, खाली मान घालून नाही. "पाव हिस्सा भेसळ आसंल. माफी मागतो, सर. तुमच्या वडलांची बी येऊन मागीन."

सर खाली बसले. राजनंदिनी मॅडमचा चेहरा पडला होता, आणि मला त्यांचं वाईट वाटलं. बेचाळीस जणांसमोर त्याही चुकल्या होत्या. पण बाई पक्क्या मास्तरीण आहेत. त्यांनी फळा पुसला आणि म्हणाल्या, "मी एकाच परीक्षेवर निकाल दिला. लिहून घ्या, माझी चूक. आता मोजून बघू. पाव हिस्सा आहे की किती, ते."

त्यांनी घोंगडीचा कोपरा कापून बरोबर दोन ग्रॅम सूत तोललं. चष्मे घालून, सगळ्यांना लांब उभं करून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळत ठेवलं. लोकर प्रथिनाची, ती यात विरघळते, कृत्रिम सूत विरघळत नाही, असं त्यांनी सांगितलं. चंचुपात्रातलं पाणी चहासारखं होत गेलं. दहा मिनिटांत काळा धागा विरत विरत नाहीसा झाला आणि मागं एक पिवळट, विरविरीत गुंता तेवढा राहिला.

तात्या वाकून बघत होते. "म्हंजे खरं ते इरघळलं," ते हळू म्हणाले, "आन् खोटं तेवढं शिल्लक ऱ्हायलं."

यावर कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी कुठंही हसतो.

गुंता गाळून, धुऊन वाळायला ठेवला आणि जेवणाची सुट्टी झाली. तात्या जेवायला उठले नाहीत. मी भाकरी आणि मटकी घेऊन गेलो, तर म्हणाले, "मानसिंगराव, तू जेव. मला वजन कळू दे."

वजन कळलं. नऊ दशांश ग्रॅम. दोनातले. शंभरात पंचेचाळीस.

तात्यांनी दोनदा विचारलं. मग तिसऱ्यांदा. त्यांना पाव हिस्सा वाटत होतं आणि निघाली जवळजवळ निम्मी. म्हणजे तात्या लोकांना जेवढं फसवत होते, त्याच्या जवळपास दुप्पट त्यांना व्यापारी फसवत होता. माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला. "मी मेंढरातला माणूस," म्हणाले, "आन् मला हातानं एवढं बी कळलं न्हाय."

"तुम्हाला आहे हे कळलं," शंभूराज सर म्हणाले. तात्यांनी माफी मागितल्यापासून ते पहिल्यांदाच बोलत होते. "किती, हे हाताला कळत नाही. त्याला तराजू लागतो. मी उद्या शाळेत हेच सांगणार आहे." मग म्हणाले, "वडिलांना भेटायला मात्र याच. ते चिडतील. चिडू द्या."

"चिडू द्या," तात्या म्हणाले.

मग मॅडमनी मुद्द्याचं काढलं. प्रत्येक शिक्षकाला शाळेत न्यायला दोन धागे हवेत, एक भेसळीचा आणि एक खात्रीच्या लोकरीचा. भेसळीचे वाटेल तेवढे होते, ती घोंगडी तात्यांनी कात्री मागून स्वतःच कापायला घेतली. पण खात्रीचं सूत त्या खोलीत एकाच ठिकाणी होतं. सगळ्यांची नजर तात्यांच्या बुडाखाली गेली.

"ही माझी एकट्याची न्हाय," तात्या म्हणाले. "इचारावं लागंल."

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण असं काही एकट्यानं ऐकणं मला जमत नाही.

"हॅलो," प्रयागकाकी म्हणाल्या.

"आगं, मी. त्या घोंगडीतलं धागं मागत्यात. समद्या मास्तरांना."

"आदी सांगा, तिच्यावर बसलाय का?"

"बसलोय."

"बोललासा का?"

तात्यांनी एकदा सगळ्यांकडं बघितलं. "बोललो."

"समदं?"

"समदं. शंभरात पंचेचाळीस निघाली."

मग काकी म्हणाल्या, "मंग द्या की धागं. काठाकडनं काढा, मधनं उसकटू नगा. आन् जेवलासा का?"

"न्हाय."

"जेवा मुकाट्यानं."

तात्यांनी काठाचं एकेक सूत नखानं सोडवून बेचाळीस तुकडे केले. प्रत्येक शिक्षक आला, धागा घेतला आणि वहीत चिकटवला. शंभूराज सरांनी त्यांचा धागा ओठाला लावून बघितला. "टोचतो," म्हणाले. मग तात्या जेवले. तीन भाकरी.

दुसऱ्याच दिवशी जळोचीत बातमी पसरली. ती कुणी पसरवली याची चौकशी करू नका. चार जण घोंगड्या परत घेऊन आले, त्यांतल्या दोघांनी भांडून झाल्यावर परत नेल्या, कारण ऊब ती ऊब. शंभूराज सरांचे वडील खरंच चिडले. तास-दीड तास बोलले, मग तात्यांना ठेवून घेतलं आणि जेवायला घातलं. आता प्रयागकाकी शेडात बसून, स्वतः हात न लावता, गल्लीतल्या दोन सुनांना आणि राजनंदिनी मॅडमना टकळी फिरवायला शिकवतात. काकींच्या मते मॅडमचा हात सगळ्यात वाईट आहे.

बोर्ड बदलायला तात्या माझ्याकडं आले. मी म्हटलं, मजकूर सांगा. त्यांनी चिठ्ठीवर लिहून आणला होता: 'हितं घोंगड्या मिळतील. निव्वळ लोकरीच्या थोड्या, भेसळीच्या जास्त. कोणती कुठली ते विचारून घ्या.' मी म्हटलं, तात्या, अशी जाहिरात बारामतीत कुणी केलेली नाही. ते म्हणाले, छाप. आणि ती परदेशी मेंढी काढ. मी काढली. तिथं आता आमच्याकडची काळी, आखूड लोकरीची मेंढी आहे, फोटोत जरा रागावलेली दिसते.

नवा बोर्ड लावायला गेलो, तेव्हा काकींनी चहा टाकला आणि बसायची घोंगडी माझ्यासमोर अंथरली.

"बसा की, मानसिंगराव. पयला बोर्ड दोन वर्सं खोटं बोलत व्हता, तवा तुमाला ठाव व्हतं का न्हवतं, ते तरी कळू द्या."

मी चहा उभ्यानंच घेतला. अजूनही तिथं उभ्यानंच घेतो. मला गावात धंदा करायचाय.